कावळा पाहून ये

तळहातावरून पाणी सोडताना वासुदेवला तो वास आला. आंबट, हिरवा, चघळलेल्या गवताचा. घरी आल्यावर त्याने साबण लावला होता, मग राख, मग लिंबू, आणि पहाटे अंघोळीत पुन्हा साबण; पण गुरुजींनी पळीने पाणी ओतलं, बोटं भिजली, आणि वास असा वर आला की जणू बोटांच्या आतच कोणी रवंथ करत बसलं होतं. पितरांना पाणी सोडायचं ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या खोबणीतून. बाणाचं शेपूटही त्याच खोबणीत चिमटून धरायचं असतं. देवाने माणसाला हात देताना जागा वाचवली, एकाच खोबणीत दोन कामं बसवली. आणि आज वासुदेवच्या खोबणीत दोन्ही कामं एकमेकांवर चढली होती. गुरुजी म्हणाले, “वडिलांचं नाव घ्या.” त्याने अनंतराव म्हटलं, आणि पाणी सोडता सोडता त्याच्या मनात आलं, ती आत्ता कुठे असेल? उन्हात की सावलीत? पडली असेल की उभी असेल? गुरुजींना पितृपक्षात उसंत नसते. शिधा पिशवीत टाकून ते लुनावर बसून ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या दिशेने गेलेसुद्धा. वासुदेव मात्र हात पुढे धरून तसाच बसलेला. बायको सुनेत्रा म्हणाली, “उठा नं आता. पान ठेवा वर.” तेव्हा कुठे तो उठला.

पान म्हणजे पळसाची पत्रावळ. तिच्यावर भात, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी, कारलं, आणि द्रोणात खीर. ती गच्चीच्या कठड्यावर ठेवून सगळे चार हात मागे सरकले. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, हा शांताबाईचा कायदा. शांताबाई म्हणजे वासुदेवची आत्या, अनंतरावांची धाकटी बहीण. तिच्यापुढे सरकारचे कायदेही दबकून असत. आता गंमत अशी, की रायपूर राजधानी झालं आणि बदलीचा पहिला हुकूम निघाला तो कावळ्यांचा. रस्ते रुंद करायला झाडं तुटली, झाडांवरचे ते गेले कुठल्या तरी मुख्यालयी. त्याआधी त्यांच्या बुढापाऱ्यात माणसांपेक्षा कावळे जास्त. लोक सांगतात, एका श्राद्धाला इतके उतरले की पान राहिलं बाजूला, भटजीचीच टोपी शिवून गेले. आणि आज आभाळ कसं धुतलेल्या परातीसारखं. वासुदेवची मुलगी स्नेहल कठड्याला टेकून म्हणाली, “पापा, कौवे तो सब बिलासपुर चले गए. हाईकोर्ट के साथ.” “चूप बस पोट्टे,” शांताबाई म्हणाली, पण तिलाही हसू आवरावं लागलं. मग तिने पदर खोचला, हात जोडले आणि आभाळाशी बोलायला लागली. “दादा, ये बाप्पा. स्नेहलचं लगन धूमधडाक्यात करू. ये. वासुदेव बिडी सोडन.” वासुदेवने मान हलवली. ती पुढे म्हणाली, “सुनेत्रा मले उलटून बोलनार नाई.” “आत्याबाई, ते काहून मधात?” सुनेत्रा म्हणाली. कावळा आला नाही. दूर टेलिफोनच्या तारेवर एक कबुतर बसलं होतं, तेही या वचनांना कंटाळून उडून गेलं.

कावळा यायला कोणतं वचन हवं आहे ते वासुदेवला ठाऊक होतं. निदान कालपर्यंत तो तसं समजत होता. गेल्या वर्षीही असंच झालेलं. ऊन कललं तरी कावळा नाही, आणि शेवटी भुकेने कावलेली शांताबाई बोलून गेली, “तुह्या बापाचा जीव चितळात अडकला. खीर कशाले खाईन तो?” अनंतराव धमतरी-राजिमच्या छोट्या गाडीवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, गार्ड होते. सुटीच्या दिवशी धनुष्य गोणपाटात गुंडाळून राजिमला उतरायचे आणि पलीकडच्या रानात शिरायचे. शिकारबंदीचा कायदा आला तसं त्यांनी धनुष्य कपाटावर टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही. पण शेवटी अर्धांगाने वाचा गेली, तोंड वाकडं झालं, आणि त्या वाकड्या तोंडातून एकच शब्द गळायचा : चितळ. चितळ. सुनेत्रा लाजून डॉक्टरांना सांगायची, खायला मागतात. कुठून आणायचं? बोकडाचा रस्सा भरवला, त्यांनी तो उशीवर ओघळू दिला आणि पुन्हा म्हणाले, चितळ. शांताबाईचं ते बोलणं वर्षभर वासुदेवच्या डोक्यात कुसळासारखं रुतून राहिलं. कालवे विभागातला पन्नाशीचा माणूस, चष्मा, पोट, कानाला रुमाल बांधून स्कूटर चालवणारा. पण यंदा पंधरवडा लागला तसा तो स्टुलावर चढला आणि कपाटावरून धनुष्य काढलं. बांबू वाळून खडखडीत झालेला. तेल पाजलं, बांबूचीच दोरी नवी चढवली. बापाच्या पानावर बापाच्या आवडीचा एक तुकडा, एवढंच. घरात सांगितलं, साइटवर जातो. अशी चूक करायलाही परंपरा लागते. दुसऱ्या कोणाच्या घरात मेलेल्या माणसाला जेवू घालायला कोणी जिवंत जनावर शोधायला गेलं नसतं.

आणि ती आलीही. काल संध्याकाळी, नाल्याच्या काठी, उजेड पिवळा पडत असताना. एकटीच मादी, कान फिरवत, पाय पुढे टाकण्याआधी तो हवेत थोडा धरून ठेवणारी. बापाने शिकवलेली जागा वासुदेवला झोपेतही दाखवता आली असती : पुढच्या पायामागे चार बोटं. तिथे काळीज, तिथे फुप्फुस. जनावराला कळायच्या आत संपतं. त्याने दोरी ओढली, आणि ती पूर्ण ओढली गेलीच नाही. दंडात थरथर सुरू झाली. इथेच हात खाली करायचा होता. ती जागा सोडून कुठेही गेली नसती, वाऱ्याने तिला काही सांगितलं नव्हतं. पण उजेड चालला होता, उद्या सकाळी श्राद्ध होतं, गच्चीवर कठडा होता आणि कठड्यावर रिकामं आभाळ. चिमटीतून बाण सुटला, त्याने सोडला नाही. आणि त्याच क्षणी तिने तो हवेत धरलेला पाय पुढे टाकला. एक पाऊल. आवाज झाला तो भिजलेल्या रजईवर काठी मारावी तसा. हाडाचा कडक आवाज नाही. ती उसळली नाही, पाठीची कमान करून चालत निघाली, जणू पोटात कळ आलेली बाई सगळ्यांसमोरून शांतपणे उठून जाते. झुडपात बाण गळून पडला तो त्याने उचलला. रक्त थोडं आणि काळपट, आणि पात्याला हिरवा चोथा. नाकाशी नेला. पोट.

“छातीत लागला तं धाव, पोटात लागला तं बस.” अनंतराव हे पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे. पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. थोडं जाऊन आडवं पडतं. मागे धावलास तर उठतं, आणि मरणाच्या जोराने असं निघतं की मग तुला नाही, गिधाडालाच सापडतं. म्हणून बसायचं. अंधार पडला तर पहाटेपर्यंत बसायचं आणि उजाडल्यावर माग काढायचा. दुसरा पाढा याहून कडक : ज्याचा बाण त्याचं जनावर; सापडेपर्यंत पाणी चालतं, अन्न चालत नाही. वासुदेव बसला. साजाच्या झाडाला पाठ लावून, बाण मांडीवर घेऊन, अंधार पूर्ण होईपर्यंत बसला. मग त्याला गुरुजींची वेळ आठवली, शांताबाई आठवली, सरकारी नोकर हरणासह सापडला तर पेपरात छापून येईल तो फोटो आठवला, आणि तो उठला. बाण चिंधीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकला आणि बापाच्या श्राद्धाला वेळेवर पोचण्यासाठी बापाचा पाढा अर्धा टाकून घरी आला.

“काय उभा राह्यला देवळातल्या खांबासारखा?” शांताबाईने त्याला कोपराने ढोसलं. “गावात कावळे नाई राह्यले तं तलावावर जाय. कुठंही जाय, पन कावळा पाहून ये. पान घेऊन जाय संगं.” सुनेत्रा म्हणाली, “आत्याबाई, गाईला देऊन टाकू नं. चालते म्हणतात. तुमची शुगर आहे, उपाशी किती बसान?” “दादाचं पान गाईले? गाय काय त्याची सासू होती?” शांताबाईने पत्रावळ दुमडली, दुसऱ्या पत्रावळीत घातली, द्रोणावर द्रोण पालथा घातला, फडक्यात गाठ मारली. “मी बसतो अथी पायरीवर. तू येशीन, शिवला म्हनशीन, तवाच मी घास घेईन. मेलो तं मेलो, दादाजवळच जाईन.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात धमकी होती, आणि दोन्ही खरी होती. वासुदेवने गाठोडं हातात घेतलं. ते गरम होतं. पोटाशी धरल्यावर त्याला एकदम घाम फुटला.

बुढा तलावाच्या काठी बगळे होते, पोहणारी पोरं होती, कणीस भाजणारी बाई होती. एका बाकावर त्याने गाठोडं सोडलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. एक कुत्रं आलं, त्याला हाकललं. कणसवाली म्हणाली, “कौआ खोजथस का, भैया? बिहनिया ले चार झन आ चुके हें.” म्हणजे सकाळपासून चार घरचे बाप इथे येऊन उपाशी परत गेलेले. तिथून तो शंकर नगरला गेला. साहेबांच्या बंगल्यांमागे अजून जुने निंब होते असं त्याला वाटत होतं. निंबांच्या जागी बुंधे होते आणि बुंध्यांवर चुन्याचे आकडे. खरं तर तो शोधत नव्हताच. कावळा कुठे असेल ते त्याला पाणी सोडतानाच कळलेलं होतं आणि तेव्हापासून ते कळणं तो बोटांच्या वासासारखं लपवत होता. हरवलेलं जनावर शोधायचं तर दुसऱ्या दिवशी आभाळ पाहायचं, पाखरं कुठे जमतात ते, हा तिसरा पाढा. एका खांबावर मात्र एक बसला होता, एकटा, मान वाकडी करून. वासुदेवने स्कूटर थांबवली. कावळ्याने त्याच्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, पंख झाडले आणि दक्षिणेला निघून गेला, अभनपूरच्या रस्त्याने, जणू कचेरीत उशीर होत होता. वासुदेवने स्कूटर त्याच्यामागे वळवली. कालच्या रानाचा रस्ता तोच.

अभनपूरपर्यंत छोट्या गाडीचा रूळ कधी डावीकडून, कधी गावाआडून सोबत करतो. त्या रुळावर वासुदेवचं बालपण डुलत डुलत गेलेलं. ही गाडी इतकी हळू, की म्हणे एकदा एका म्हातारीने चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या शेंगा तोडल्या, सोलल्या, आणि पुढच्या डब्यात बसून खाल्ल्या. शाळेला सुटी असली की बाप त्याला गार्डच्या डब्यात बसवायचा. एक सोमवार त्याला आठवत होता, आणि तो आजवर का आठवत होता हे त्याला कधी कळलं नव्हतं. आईने दिलेला डबा अनंतरावांनी उघडला नाही. “बाबा, भूक नाई?” “तू खाय.” प्रत्येक ठेसनावर ते हिरवा झेंडा हातात घेऊन उतरायचे आणि गाडीकडे न पाहता रानाच्या वर, आभाळाकडे पाहत राहायचे. ड्रायव्हर पुढून शिट्टी द्यायचा, पुन्हा द्यायचा. राजिमला तर ते इतका वेळ पाहत राहिले की प्रवासी ओरडायला लागले, “अरे गार्ड साहब, झंडी दिखाओ, बारात छूट जाएगी!” पोराला वाटलं बाबा ढग बघताहेत, पाऊस येणार. मग त्यांनी झेंडा हलवला. किती हळू हलवला होता. घरी गेल्यावर आईने न उघडलेला डबा गाईपुढे रिता केला. त्यावरून भांडण झालं. स्कूटरवर, ऐन उन्हात, वासुदेवच्या पाठीवरून गार काटा सरकला. रविवारी बाण, सोमवारी ड्यूटी. ते पाखरं शोधत होते. मग ते वाकडं तोंड, उशीवर ओघळलेला रस्सा, आणि चितळ, चितळ. ते खायला मागत होते की कुणी जाऊन पाहावं म्हणून सांगत होते? आणि आपण काय केलं? आपण तर त्यांच्या त्या न सापडलेल्या एकीत आणखी एक मिळवली.

रान भाद्रपदातलं, गच्च. जमिनीवरचं रक्त या गवतात मुंगीलाही सापडलं नसतं. पण वर पाहिलं तर नाल्याच्या वळणापलीकडे, जांभळीच्या शेंड्यावर, ते होते. सगळ्या रायपूरचे, सगळ्या राजधानीचे, बदलून गेलेले सगळेच्या सगळे असावेत असे. ओरडत नव्हते. शिकवलेल्या पोरांसारखे ओळीने बसले होते आणि खाली पाहत होते. वासुदेव चालत गेला. वाटेत एक दबलेलं गवत दिसलं, अंगाएवढं, त्यात काळा डाग. पुढे दुसरं. पोटात लागलेल्याला तहान लागते. ती पाण्याकडे सरकत होती, पडत होती, उठत होती. मागे कोणी नव्हतं तरी उठत होती. किंवा ही माणसं आता येतील, आता येतील, म्हणून रात्रभर वाट पाहत होती, असं त्याला उगाच वाटलं, आणि त्याने दातांनी ओठ धरला.

ती पाण्यापासून हातभर अंतरावर होती. मान पाण्याच्या दिशेने लांबलेली, पण पोचली नव्हती. पोट फुगलेलं, जखमेवर माश्यांचा काळा थर. आणि एक कावळा, धीट, तिच्या बरगडीवर उभा राहून त्या थरात चोच घालत होता. प्रत्येक वेळी तिची कातडी तेवढ्या जागी थरारायची. म्हणजे ती जिवंत होती. वासुदेवने हात उडवला. कावळा जरा बाजूला झाला, उडाला नाही. तिचा एक डोळा होता, एक नव्हता. होता त्याने ती पाहत होती. त्याला नाही, नुसतीच. धनुष्य बुढापाऱ्यात कपाटामागे. हातात खिरीचं गाठोडं. तो धावत स्कूटरकडे गेला, डिकी उघडली, चिंधी सोडली, आणि तोच बाण घेऊन परत आला. आधी त्याने ओंजळीने पाणी आणलं आणि तिच्या तोंडाशी सोडलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधून ते गळालं. जीभ हलली की नाही कळलं नाही. मग गुडघा टेकला, डाव्या हाताने पुढच्या पायामागे चार बोटं मोजली, तिथे कातडीखाली अजून धकधक होत होतं, हळू, छोट्या गाडीसारखं. आणि सगळं वजन टाकून त्याने बाण हातानेच आत घातला. या वेळी थरथर नव्हती. या वेळी पाऊल पुढे टाकायला तिच्यात काही उरलं नव्हतं. बाणाच्या काठीतून ती धकधक त्याच्या तळहातात आली, दोनदा, आणि मग आली नाही. जागा बरोबर होती. एका दिवसाने बरोबर होती.

किती वेळ तो बसून होता कुणास ठाऊक. मांस नासलं होतं, शेतातल्या कुत्र्यानेही ते घेतलं नसतं. तुकडा नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने गाठोडं सोडलं. खीर भातात मिसळली होती, वडे कढीत भिजून सुजले होते. पत्रावळ त्याने गवतावर मांडली, नीट, दक्षिणेकडे टोक करून, आणि मागे सरला. “बाबा,” तो म्हणाला. रानात स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. “बाबा, सापडली.” कावळे झाडावरून उतरले, एकेक, न घाई करता, आणि पानाला वळसा घालून तिच्याकडे गेले. सगळे. वासुदेवने त्यांना हाकललं नाही. शेवटी एक मोठा डोमकावळा तिच्यावरून उतरला, उड्या मारत पानाशी आला, वड्याकडे एका डोळ्याने पाहिलं, दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. आणि लाल झालेली चोच पत्रावळीच्या काठावर इकडून एकदा, तिकडून एकदा पुसून परत गेला.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा शांताबाई पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, चेहरा राखेसारखा. सुनेत्रा पंख्याने वारा घालत होती, स्नेहल साखरेचं पाणी घेऊन उभी होती आणि म्हातारीने पेला हाताने दूर धरून ठेवला होता. “शिवला का?” तिने विचारलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. वासुदेवने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर ती तिथेच, त्या पायरीवर, भावाकडे निघून गेली असती.

“शिवला.”

“कुठी?”

“राजिमच्या पल्याड. रानात.”

शांताबाईचे डोळे एकदम उघडले. तिने भाच्याच्या शर्टाकडे पाहिलं, गुडघ्यावरच्या डागाकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्या हातांकडे.  साखरेचं पाणी घेतलं, एका घोटात प्यायली, आणि सुनेत्राच्या खांद्याला धरून उठली. पानं मांडली. पहिला घास वासुदेवचा, कारण कर्ता तोच. त्याने भात कालवला, घास उचलला, आणि तोंडाशी नेताना बोटांमधून तो वास आला, आंबट, हिरवा, आता थोडा गोडसरही. जनावर सापडलं होतं; अन्न चालत होतं. सगळे त्याच्याकडे पाहत थांबले होते. त्याने घास तोंडात घातला आणि चावत राहिला. चावून चावून चोथा झाला तरी गिळता येईना.

“पोटभर जेव,” शांताबाई म्हणाली. तिने खिरीत बोट बुडवून चाटलं, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर निवांतपणा आला. “जागा आठवनीत ठेवजो. पुढच्या साली बी तिथंच जाजो, बाप्पा. दादाले पसंत पडली.”